राष्ट्रीय अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून निवड झालीय, पहिल्यांदाच दिल्लीला चाललेय, जाऊन आलेल्यांनी सांगा

पूर्वभाग_शिलाई

नमस्कार सगळ्यांना. मी सोलापूरची, पूर्व भागात अशोक चौकाच्या जवळ राहते. नऊ वर्षं झाली एका पक्षाचं काम करतेय, पक्षाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मग इथं दुसरंच भांडण सुरू होतं आणि माझा प्रश्न राहतो बाजूला. तर झालंय असं की जिल्ह्यातून तीन नावं राज्याकडे गेली होती आणि मागच्या आठवड्यात फोन आला, पुढच्या महिन्यात दिल्लीत राष्ट्रीय अधिवेशन आहे त्याला प्रतिनिधी म्हणून तुमचं नाव पक्कं झालंय, आधार कार्ड आणि दोन फोटो पाठवा. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईला आहे, फोन आला तेव्हा मशीनवरच होते, शाळेच्या शर्टाची कॉलर सुईखाली अर्धी शिवलेली तशीच राहिली आणि मला दोन मिनिटं काही सुचलंच नाही.

आनंद तर खूप झालाय. माझ्या घरातून कोणी आजपर्यंत पक्षाच्या जिल्हा मेळाव्याच्या पुढं गेलेलं नाही. पण आता जसजसे दिवस जवळ येतायत तशी धाकधूक वाढलीय. मी पुण्याच्या पुढं एकटी कधी गेलेले नाही. तीन दिवस अधिवेशन, जाऊन-येऊन पाच-सहा दिवस मोडणार, म्हणजे तेवढ्या दिवसांची मजुरी बुडणार कारण आमचं काम नगावर आहे. मुलगी चार वर्षांची आहे, तिला सासूबाई बघतो म्हणाल्यात, त्यांचं मला फार बळ आहे. हिंदी मला बोलता येते पण ती आपली सोलापूरची हिंदी, घरात तेलुगू, बाहेर मराठी. तिथं सगळे मोठमोठे लोक असणार, इंग्रजीत बोलणार, आपण तिथं काय बोलायचं?

राज्य ऑफिसमधून ठरावाच्या मसुद्याची पीडीएफ आलीय, हिंदीत आहे, जवळजवळ चाळीस पानं आहेत. मी दोन रात्री बसून बावीस पानं वाचली. त्यात असंघटित कामगारांवर दीड पान आहे, पण आमच्या गल्लीत घराघरात ज्या बायका काज-बटण करतात, धागे कापतात, विड्या वळतात त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. ते कोणाला सांगायचं असतं, तिथं उभं राहून सांगायचं का आधी कळवायचं?

आणि खरं सांगायचं तर जो प्रश्न मनात सगळ्यात जास्त टोचतोय तो हा, की नवऱ्याचे एक मित्र म्हणाले वहिनी तुम्हाला टाळ्या वाजवायला आणि हात वर करायला नेतायत, सगळं आधीच ठरलेलं असतं. मी काही बोलले नाही त्यांना, पण रात्री झोप लागली नाही. खरंच तसं असतं का? कोणत्याही पक्षाच्या माणसानं सांगितलं तरी चालेल, मला फक्त जाऊन आलेल्यांचं ऐकायचंय.

जुळे_सोलापूर_७

ताई सगळ्यात आधी अभिनंदन, आपल्या पूर्व भागातून शिलाई काम करणारी बाई दिल्लीला प्रतिनिधी म्हणून जातेय हे वाचूनच बरं वाटलं. मी दोनदा दिल्लीला जाऊन आलोय, शेवटचं फेब्रुवारी २०२४ ला भारत मंडपममध्ये आमच्या पक्षाची राष्ट्रीय परिषद होती तेव्हा. दहा हजाराच्या वर माणूस होता. एवढ्या गर्दीत बोलायची संधी आमच्यासारख्याला नसते, ते मान्य, पण व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो.

रिझर्वेशन आजच्या आज बघा. आता ६० दिवस आधी बुकिंग उघडतं म्हणजे तुमच्या तारखांचं उघडून गेलंय आणि सोलापूरहून सरळ दिल्ली म्हटलं की सगळे कर्नाटक एक्सप्रेसवरच पडतात. जिल्ह्यातून अजून कोणी येतंय का विचारा आणि एकाच डब्यात तिकिटं काढा, परतीचं पण आत्ताच, परतीच्या तिकिटाचंच हाल होतं. तिकिटाचे पैसे पक्ष देणार का स्वतःचे, हे आधी स्पष्ट विचारा, लाजू नका, काही ठिकाणी उलट प्रतिनिधी शुल्क भरावं लागतं.

तिथं गेल्यावर पहिलं काम म्हणजे नोंदणी. गळ्यात घालायचं कार्ड देतात, त्यावर फोटो, राज्य, कधी गेट नंबर. ते कार्ड म्हणजे तुमचा जीव समजा. माझ्यासोबतच्या एकाचं कार्ड चहाच्या टपरीवर राहिलं आणि दुसरं मिळेपर्यंत अख्खा अर्धा दिवस तो गेटच्या बाहेर उन्हात उभा. बॅगा बऱ्याचदा आत नेऊ देत नाहीत, पाण्याची बाटली पण नाही, म्हणून वही आणि दोन पेन एवढंच हातात ठेवा. चप्पल रोजची, मळलेली, नवी घालून जाऊ नका, चालणं फार होतं. आणि शेंगा चटणी, कडक भाकरी घ्या भरपूर. आमची चटणी दुसऱ्या दिवशी बिहारच्या लोकांनी संपवली आणि त्यावरूनच ओळखी झाल्या, अजून फोन येतात त्यांचे.

बाळीवेस_काका

बेटा, मी काँग्रेसचा जुना कार्यकर्ता, वय आता पासष्टच्या पुढं. पहिलं अधिवेशन बघितलं ते डिसेंबर १९८५ चं, मुंबईचं, पक्षाला शंभर वर्षं झाली तेव्हाचं. मी प्रतिनिधी नव्हतो, आमच्या वॉर्डातल्या एका वडीलधाऱ्यांची बॅग धरून गेलो होतो. राजीव गांधी अध्यक्ष होते आणि त्यांनी त्या व्यासपीठावरून आपल्याच पक्षातल्या सत्तेच्या दलालांवर बोट ठेवलं, पुढच्या रांगेत तीच मंडळी बसलेली. मी तरुण होतो, अंगावर काटा आला होता. पुढं काय झालं न झालं तो वेगळा विषय, पण अशा जागी उच्चारलेला शब्द मागं घेता येत नाही, हे मी तिथं शिकलो.

प्रतिनिधी म्हणजे काय हे समजून घे, म्हणजे ती टाळ्यांची भीती जाईल. १८८५ ला मुंबईत पहिल्यांदा जमले ते ७२ जण, त्यांना कोणी निवडून दिलेलं नव्हतं, आपापल्या गावचे वकील, संपादक असे मानाचे लोक. ते खरं तर पुण्यात भरायचं होतं, कॉलऱ्याची साथ आली म्हणून मुंबईला हलवलं. पुढं १९२० ला नागपूरला घटना बदलली, चार आणे वर्गणी भरेल तो सभासद आणि लोकसंख्येच्या प्रमाणात, पन्नास हजारांमागं एक असा प्रतिनिधी. म्हणजे तिथून पुढं प्रत्येक प्रतिनिधीच्या पाठीमागं मोजता येतील एवढी माणसं उभी राहिली. १९३६ ला आपल्या खानदेशात फैजपूरला खेड्यातलं पहिलं अधिवेशन झालं. आणि १९३९ ला गांधीजींची पसंती पट्टाभी सीतारामय्यांना असताना प्रतिनिधींनी सुभाषबाबूंना दोनशेच्या आसपास मतांनी अध्यक्ष केलं. सगळं आधीच ठरलेलं असतं म्हणणाऱ्याला हे सांग. पुढं त्रिपुरीच्या अधिवेशनात त्यांना काम करू दिलं नाही आणि काही महिन्यांत राजीनामा द्यावा लागला, हेही तितकंच खरं आहे, ते मी लपवत नाही.

आता माझं स्वतःचं. मी प्रदेश प्रतिनिधी होतो तेव्हा १७ ऑक्टोबर २०२२ ला अध्यक्षपदाचं मतदान झालं, दादरला टिळक भवनात. बावीस वर्षांनी मतदान होत होतं. क्यूआर कोड असलेलं ओळखपत्र, ते स्कॅन केलं, मग चिठ्ठी हातात. त्यावर दोनच नावं, खर्गे आणि थरूर. आधी सूचना आली होती की पसंतीच्या नावापुढं १ लिहा, त्यावर हरकत आली आणि मग ठरलं की बरोबरची खूण करायची. मी रांगेत असताना माझ्या पुढचे गृहस्थ दोनदा मागं वळून विचारत होते, एक लिहायचं का खूण करायची. निकाल आला तेव्हा खर्गेंना ७८९७, थरूरांना १०७२ आणि बाद मतं ४१६. निकालाचा अंदाज सगळ्यांना होताच. मला मात्र त्या ४१६ चं वाईट वाटत राहिलं. एवढा प्रवास करून, मान मिळवून गेलेली चारशे माणसं, आणि त्यांचं मत मोजलंच गेलं नाही. म्हणून सांगतो, हातात जो कागद येईल तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, कितीही घाई असली तरी.

जायच्या आदल्या दिवशी चार हुतात्मा चौकात जाऊन ये. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेले. १९३० च्या मे महिन्यात या गावावर मार्शल लॉ लागला होता. गिरणीतला मजूर रस्त्यावर उतरल्याशिवाय तो लढा उभाच राहिला नसता. तू त्याच गावातून चाललीयस.

माग_बंद

सगळे चांगलं चांगलं सांगतायत, मी माझ्यावर आलेलं सांगतो, ताईला घाबरवायचं म्हणून नाही.

माझे अक्कलकोट रोडला आठ माग होते, आता चार चालू. काही वर्षांपूर्वी एका पक्षाच्या अधिवेशनाला मला प्रतिनिधी म्हणून नेलं, पक्ष कुठला ते सोडा. मी जायच्या आधी आमच्या असोसिएशनमधल्या दहा-बारा जणांशी बोललो, विजेचा दर, सुताचा भाव आठवड्यात दोनदा बदलतो ते, टॉवेलच्या ऑर्डरी कमी झाल्या ते, सगळं एका फुलस्केपवर लिहिलं, मुलाकडून सुवाच्य अक्षरात कॉपी करून घेतलं. सकाळी नऊला हॉलमध्ये बसलो. अकराला ठरावाच्या प्रती वाटल्या. बाराला एक जण वाचू लागले, साडेबाराला सूचक, अनुमोदक, हात वर, एकमतानं मंजूर. मी शेजारच्याला विचारलं कागद कुणाकडं द्यायचा, तो म्हणाला जेवणानंतर बघू. जेवणानंतर दुसरा ठराव, मग तिसरा. संध्याकाळी एका पदाधिकाऱ्याला गाठलं तर म्हणाले सोलापूरला आल्यावर बोलू. तो कागद मी शर्टाच्या खिशात घेऊन परत आलो, बायकोनं शर्ट धुवायला टाकला आणि त्याचा लगदा झाला. त्या दहा-बारा जणांना काय सांगायचं मला कळेना, महिनाभर मी असोसिएशनच्या ऑफिसकडं फिरकलो नाही.

त्यामुळं ताई, तुमच्या नवऱ्याचे मित्र एकदम चुकीचं बोलले असं मी म्हणणार नाही.

पूर्वभाग_शिलाई

काका, तुमचं वाचून मी ते १९३९ चं आमच्या गल्लीतल्या मुलांना पण सांगितलं. जुळे सोलापूरच्या दादा, तिकीट वेटिंगवर मिळालंय, बघू.

माग बंद दादा, तुमचं वाचून घशात आवंढा आला. मला नेमकी हीच भीती आहे. आमच्या गल्लीतल्या बायका रोज विचारतायत, तिथं आमचं सांगणार ना. मी हो म्हणून बसलेय.

विडी_घरकुल_अक्का

आज मुलानं हा धागा दाखवला म्हणून लिहितेय, मोठं होईल, वाचून घे सावकाश.

मी लाल बावट्याची, माकपची, लपवायचं काही कारण नाही. अम्मा आयुष्यभर विड्या वळत गेली, मी पण लग्नाच्या आधी आठ वर्षं वळल्यात. एप्रिल २०१८ ला हैदराबादला आमच्या पक्षाचं अखिल भारतीय अधिवेशन झालं, मी महाराष्ट्राच्या प्रतिनिधींत होते. मला पण तुझ्यासारखंच वाटत होतं की तिथं आपलं काय काम. हैदराबाद म्हणून भाषेची तेवढी भीती नव्हती, हुसेनसागर एक्सप्रेसनं उतरले तर हमालापासून सगळे घरच्या भाषेत बोलत होते.

माग बंद भाऊ, तुमचा कागद खिशात राहिला यात तुमची चूक नाही, पण तुम्हाला कोणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं की हॉलमध्ये जाईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. आमच्याकडं राजकीय ठरावाचा मसुदा अधिवेशनाच्या दोन महिने आधी बाहेर काढतात, छापून सगळ्यांना देतात, आणि खालच्या शाखेतला साधा सभासदसुद्धा त्यावर लेखी दुरुस्ती पाठवू शकतो. सगळी लढाई त्या दोन महिन्यांत आहे. तिथं गेल्यावर पुन्हा प्रत्येक राज्याचा गट वेगळा बसतो, गटात चर्चा होते, मग गटातून कोण बोलणार ते ठरतं. मी मुख्य हॉलमध्ये एक शब्द बोलले नाही. पण गटात बोलले. त्या वेळी विडीवर २८ टक्के जीएसटी लागून वर्षसुद्धा झालेलं नव्हतं, मालक लोक पान कमी द्यायला लागले होते, जिला हजार विड्यांचं पान मिळायचं तिला सहाशेचं, तेही आठवड्यातले चारच दिवस. मी गटात नुसतं एवढंच सांगितलं की सूप मांडीवर घेऊन बाई अकरा वाजता मोकळी होते आणि दिवसभर करायला काम नाही, हे तुमच्या मसुद्यात कुठं दिसतंय. खोली गप्प झाली. दोघांनी माझं वाक्य घेतलं, शब्द नीट करून दिले, कितव्या परिच्छेदात घालायचं ते लिहिलं आणि गटाच्या यादीत ते गेलं. मला तेवढ्यानंच रडू आलं.

आता सगळं आधीच ठरलेलं असतं का, त्याचं उत्तर ह्याच अधिवेशनातलं देते, पेपरला पण आलं होतं सगळं. मसुद्यात लिहिलेलं होतं की काँग्रेसबरोबर कुठलाही समझोता किंवा निवडणूक आघाडी न करता पुढं जायचं. त्यावर दोन बाजू पडल्या, दोन दिवस भाषणं झाली, गुप्त मतदान घ्या अशी मागणी प्रतिनिधींतूनच आली. शेवटी मतदानाची वेळच आली नाही, कारण मसुदा बदलला, समझोता हा शब्द काढला आणि राजकीय आघाडी न करता एवढंच ठेवलं. बाहेरच्याला वाटेल एक शब्द तर गेला, त्यात काय एवढं. पण त्या एका शब्दावर निवडणुकीत कोणाबरोबर बसायचं हे ठरत होतं, आणि वरच्यांनी लिहिलेला शब्द खालून आलेल्यांनी हलवला. २०२५ ला मदुराईला तर केंद्रीय समितीच्या निवडीत आपल्या नाशिकचे डॉ. डी. एल. कराड अधिकृत यादीच्या बाहेरून उभे राहिले, ३१ मतं पडली, हरले. हरले तरी मतपेटी ठेवावीच लागली की.

दुसरं, तुला तिथं एक फॉर्म भरायला देतील. आमच्या फॉर्ममध्ये वय, शिक्षण, घरचा धंदा, पक्षात किती वर्षं, तुरुंगात किती दिवस, असं सगळं असतं आणि शेवटी त्याचा अहवाल वाचतात. माझ्या शेजारी आंध्रची एक म्हातारी बसली होती, तिच्या फॉर्मवर तुरुंगाच्या रकान्यात वर्षं होती, माझ्यात अकरा दिवस, मोर्च्यातले. मी लिहू का नको करत होते, तर ती म्हणाली राय अम्मा राय, म्हणजे लिही गं लिही, अकरा दिवस काय कमी असतात का. तू पण धंद्याच्या रकान्यात गृहिणी लिहू नकोस हां. नगावर शिलाई करणारी कामगार असं स्पष्ट लिही.

तुझ्या पक्षात मसुद्याला दुरुस्ती कशी द्यायची ते आजच्या आज राज्य ऑफिसला फोन करून विचार. शेवटची तारीख विचार. आणि पान नंबर, परिच्छेद नंबर घालूनच लिही, नाहीतर तिथं कोणी शोधत बसत नाही.

कोर्टासमोर

अक्का म्हणतात ते बरोबर, त्यात एक भर घालतो. प्रत्येक नोंदणीकृत पक्षाला स्वतःची लेखी घटना असते, लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम २९अ खाली नोंदणी करताना ती आयोगाला द्यावी लागते, आणि बऱ्याच पक्षांच्या घटना निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर आहेत. तुमच्या पक्षाची काढून वाचा. प्रतिनिधी कोण, अधिवेशनाचा कोरम किती, ठरावाला दुरुस्ती कोण सुचवू शकतो, हे त्यात असतं. मोबाईलमध्ये त्या पानाचा फोटो ठेवा. कोणी तिथं म्हणालं की अशी पद्धत नाही, तर भांडायचं नाही, शांतपणे ते पान दाखवायचं. ज्यांनी वाचलेलं असतं त्यांच्याशी लोक वेगळं बोलतात, हा माझा बार रूममधला रोजचा अनुभव आहे.

आणि तुमच्या विषयाला आत्ता फार नेमकी वेळ आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यात १९६६ चा विडी-सिगार कामगारांचा वेगळा कायदा विलीन झाला. राष्ट्रीय ठरावात सोलापूरच्या गल्लीचं नाव येणार नाही, पण घरी बसून काम करणारी बाई या नव्या रचनेत कुठं बसते हा प्रश्न देशभराचा आहे. तो तिथं मांडता येतो.

पूर्वभाग_शिलाई

राज्य ऑफिसला फोन केला!! दुरुस्ती लेखी देता येते, येत्या शुक्रवारपर्यंत, राज्याच्या व्हॉट्सॲपवर पण चालेल म्हणाले. मला कोणी हे सांगितलंच नव्हतं, मी विचारलं नसतं तर कळलंही नसतं. सूचक मी आणि अनुमोदक म्हणून जिल्ह्यातला दुसरा कोणी चालेल.

काल रात्री जेवणं झाल्यावर आमच्या गल्लीतल्या सात जणी आमच्या ओट्यावर बसल्या. मी मसुद्यातलं ते दीड पान मराठीत करून वाचून दाखवलं. एकीनं विचारलं ह्यात आपण कुठं आहोत, मी म्हटलं तेच तर घालायचंय. मग सगळ्यांनी मिळून हे लिहिलंय, कसं वाटतं सांगा:

"घरी बसून शिलाई, काज-बटण व विडीचे काम करणाऱ्या महिलांना योग्य न्याय मिळावा व त्यांच्या समस्यांकडे शासनाने लक्ष द्यावे."

विडी_घरकुल_अक्का

चांगलं आहे पण हे गिळून टाकतील. योग्य न्याय आणि लक्ष द्यावे याला कोणीच नाही म्हणत नाही, म्हणून ते कोणाच्या लक्षातही राहत नाही. त्या सात जणींना काय पाहिजे ते लिही. त्यांना परत विचार, न्याय म्हणजे तुम्हाला नक्की काय पाहिजे.

माग_बंद

अक्कांचं बरोबर आहे. माझ्या त्या कागदावर पण असंच होतं, विजेच्या दराबाबत सहानुभूतीने विचार व्हावा. दर किती कमी करा ते मी लिहिलंच नव्हतं. आज पहिल्यांदा कळतंय मला ते.

ताई, तुमच्या मजुरीचे जे पाच-सहा दिवस बुडतायत त्याचं काय करता? आमच्याकडचे आम्ही काही जण मिळून काढू शकतो, पक्ष कुठला का असेना. इथं नको, खाजगीत निरोप करा.

पूर्वभाग_शिलाई

दादा, मजुरीचं बायकांनीच ठरवलंय. माझ्या वाटचा माल त्या सहा दिवस वाटून घेणार आणि पैसे माझ्या नावावर लावणार. पण तुम्ही विचारलंत ते मी विसरणार नाही. तुम्ही तुमचा विजेचा कागद परत लिहून द्या मला, आकड्यांसकट. मसुद्यात लघुउद्योगांवर पान ३१ ला एक परिच्छेद आहे, तिथं बसतोय का बघते, शुक्रवारच्या आत मिळाला पाहिजे.

आणि काल परत बसलो. ओळखपत्राचं सगळ्यांना पटकन सुचलं. भावाचं मात्र एक आजी बोलल्या, त्या म्हणाल्या मला चाळीस वर्षांत कोणी भाव कागदावर लिहून दिलेला नाही, शेठ सांगेल तो भाव. तर आता असं झालंय, हेच पाठवतेय:

"पान १७, परिच्छेद ४, ओळ ६ नंतर पुढील वाक्य घालावे: घरी बसून नगावर शिलाई, काज-बटण, धागा कटिंग व विडी वळण्याचे काम करणाऱ्या प्रत्येक महिलेची कामगार म्हणून नोंद व्हावी, तिला ओळखपत्र मिळावे, आणि दर नगाचा किंवा दर हजारी मजुरीचा भाव काम देणाऱ्याने तिला लेखी द्यावा."

विडी_घरकुल_अक्का

पाठव. आणि त्या आजीचं नाव वहीत लिहून ने, गटात कोणी विचारलं की हे कुठून आलं, तर सांगता येईल.